आई आटपाडीला गेलीय

आईच्या नाकपुडीवरचा फोड दोन वर्षं बरा होत नव्हता. हळद झाली, मलमं झाली, शेजारणींचे सल्ले झाले. शेवटी सांगलीच्या डॉक्टरांनी तुकडा तपासून कातडीचा कॅन्सर सांगितला आणि निम्मं नाक काढलं. नवं नाक कपाळाच्या कातडीचं. कपाळावरची पट्टी सोडवून खाली नाकावर वळवायची, पण भुवईपाशी तोडायची नाही. तिथूनच तिला रक्त मिळतं. नव्या जागी रुजली की तीन आठवड्यांनी मूळ कापायचं.

ते तीन आठवडे आई साताऱ्याला घरीच होती, दोन डोळ्यांच्या मधून लोंबणारी ती मांसाची पट्टी घेऊन. नाकावर माशी बसली की तिचा हात कपाळाकडे जायचा. "कपाळावर हुळहुळतंय गं," म्हणायची. आम्ही हसायचो, तीही हसायची. गल्लीतल्या बायका मात्र दारातूनच विचारपूस करून निघून जायच्या. महारोग आहे म्हणत होत्या मेल्या.

त्यातच मला बघायला खंडाळ्याचे पाहुणे आले. पोहे आईनंच केले आणि ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. मुलाच्या आत्यानं विचारलं, "आई दिसत नाहीत?" वडील तोंड उघडायच्या आत मीच बोलून गेले, "आई आटपाडीला गेलीय, मामाकडं." दाराआड बांगड्या एकदा वाजल्या. मला लाज वाटली ती तिची, माझी नाही. पुढे नकार आला, तो माझ्या उंचीवरून.

मूळ कापल्यावर नाक जरा जाडसर राहिलं, कपाळावर उभा वण. लांबून कुणाला कळलं नसतं. त्या दिवसाबद्दल आईनं चकार शब्द काढला नाही. विसरली असेल, असं मी धरून चालले.

वर्षानं वाईचे पाहुणे यायचे होते. सकाळी बघते तर आई पिशवी भरून, चपला घालून उभी. पोह्यांचा कांदा चिरून झाकून ठेवलेला.

"कुठं निघालीस?"

"आटपाडीला, दादाकडं."

"आज?"

"व्हय. आज तरी तुला खोटं बोलाया लागू न्हाई."

आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते. थांब, एवढंच म्हणायचं होतं मला. मी तिची पिशवी उचलली, स्टँडवर नेऊन तिला एसटीत बसवून आले.

दुपारी पाहुण्यांनी आईंचं विचारलं. मी खरं तेच सांगितलं.