माझ्या फोनवर ते चालत नाही

काल दुपारी तुमच्या घरी कोण येऊन गेलं, हे तुमच्या फोनने लक्षात ठेवायची गरजच काय?

हा प्रश्न मी एका पत्रकात छापला होता. आमच्या घरात बारशालाही पत्रक निघतं, त्यामुळे हात शिवशिवतात. कर्वेनगरातल्या आमच्या इमारतीत चोवीस दारांखालून मी ते सरकवलं. तेवीस बहुधा रद्दीत गेली. चोविसावं घेऊन पहिल्या मजल्यावरच्या काकू वर आल्या.

"शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत," त्या म्हणाल्या. "मुद्दा बरा आहे. यात लिहिलेली ती पाळत न ठेवणारी सिस्टीम माझ्या फोनवर घालून दे."

काकू टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. ट्रंक कॉल जोडून देण्यात उमेदीची वर्षं गेली. त्यांच्यासमोर कुणाचा फोन वाजला की निवृत्तीनंतरही त्या उठून दुसऱ्या खोलीत जात. "जोडून दिलं की आपण बाजूला व्हायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

"तुम्ही नेहमी व्हायचात?" मी एकदा विचारलं.

"नाही. म्हणून तर सांगते."

सिस्टीम घालण्याआधी मी त्यांना तासभर भाषण दिलं. त्या मटार सोलत होत्या. मग केबल जोडली, जुनं सगळं पुसलं आणि तेव्हा लक्षात आलं की त्यांचे नंबर उतरवून घ्यायचे राहिले. माझ्या क्रांतीत दीडशे माणसं एका झटक्यात गेली. मी रडकुंडीला आले. काकूंनी मटारांवरची नजरही न काढता पहिला नंबर सांगितला. मग दुसरा. मग तिसरा.

"लिही. पाठ आहेत. भाषणं पाठ करतेस, नंबर नाही करत?"

पंधरा दिवसांनी मी काकूंकडे बसले असताना सोसायटीचे सेक्रेटरी आले. गेटवर नवं ॲप सुरू झालं होतं. वॉचमन पाहुण्याचा फोटो काढणार, नंबर घेणार, आणि घरच्यांनी मोबाइलवर होकार दिला की पाहुणा आत. सगळ्या फोटोंची नोंद सेक्रेटरींच्या मोबाइलवर.

"काकू, तुमचं एकटीचंच राहिलंय."

"अहो, माझ्या फोनवर ते चालत नाही. वेगळी सिस्टीम आहे. हिनेच घातलीये, विचारा."

माझ्या सिस्टीमची बदनामी! मी ताठ झाले. "न चालायला काय झालं? वेगळ्या कप्प्यात टाकलं की..."

"अगं, दूध उतू जातंय बघ!"

मी धावले. गॅसवर दूध नव्हतंच. परत आले तोवर तह झाला होता: काकूंच्या पाहुण्यांसाठी वॉचमन इंटरकॉम करेल, फोटो नाही.

"धडधडीत खोटं बोललात," सेक्रेटरी गेल्यावर मी म्हणाले. "आम्ही तत्त्वासाठी लढतो."

"लढ की. दर मंगळवारी माझ्याकडे येते ना, ती बाई नवऱ्याच्या माराला कंटाळून पळालीये. तो अजून हुडकतोय तिला. आणि तो नोकरीला आहे सेक्रेटरींच्याच ऑफिसात. तिचा फोटो त्यांच्या मोबाइलवर पाठवू? सांग तुझ्या तत्त्वाला विचारून."

माझ्या भाषणाने काकू बदलल्या, असं मी चार ठिकाणी सांगून बसले होते. त्यांना हवं होतं एक बिनतोड निमित्त, आणि ते मी फुकटात घालून दिलं होतं. पुढे दर मंगळवारी इंटरकॉम वाजला की काकू म्हणत, "मावसबहीण आहे, सोडा." दोन वर्षं त्या बाईने तिथे बसून निवांत चहा घेतला.

यंदाच्या थंडीत काकू वारल्या. त्यांच्या घरी भाडेकरू आले, त्यांच्याकडे अर्थातच ॲप आहे. त्या बाईला बातमी कळली नसावी. एका मंगळवारी मी गॅलरीतून पाहिलं: ती गेटपाशी आली, नव्या वॉचमनने तिच्या तोंडासमोर मोबाइल धरला. तिने ओढणी चेहऱ्यावर ओढली आणि वळली. मी अनवाणी खाली धावले. रस्त्यावर कुणी नव्हतं.

तुमच्या सोसायटीची पुढची सभा चुकवू नका. उभं राहून विचारा: गेटवरचे फोटो कोण बघतं, किती दिवस ठेवतात, आणि नको म्हणणाऱ्याला आत यायला दुसरी सोय आहे का? उत्तर लेखी मागा. मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.