पांढरी रेघ

दुपारी ताट तसंच झाकून ठेवते आणि आडवी होते. पंख्याचा आवाज दूर जातो, त्यातूनच क्रेनची घरघर ऐकू येते. म्हणजे मी शेडमध्ये आहे. आम्ही दोघं इथेच काम करायचो. पोलादी सांगाड्याच्या अख्ख्या खोल्या इथे तयार करायच्या, मग जागेवर नेऊन एकावर एक रचायच्या. खोलीला खोली जोडणारे सांधे तपासायचा हेरंब, माझा नवरा. साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेला.

तो खांबाच्या कोपऱ्याशी उकिडवा बसलाय. पान्यानं नट आवळतो, मग नटावरून थेट खांबापर्यंत मार्करनं पांढरी रेघ ओढतो. इमारत हलून नट जरा जरी फिरला, तर रेघ तुटलेली दिसते. त्याच्या एकजात सगळ्या शर्टांच्या बाह्यांना हा रंग असे. धुऊन धुऊन मी वैतागायची.

"यामे, आलीस? हा सांधा बघ."

"सांधा गेला खड्ड्यात. कुठे होतास तू?"

"असं नको म्हणूस. पोलाद दगा देत नाही गं, सांधे देतात."

"दगा तू दिलास."

मला त्याच्याशी कडाकडा भांडायचंय. पण आता आम्ही आमच्या स्वयंपाकघरात आहोत आणि अख्खं स्वयंपाकघर क्रेनला लटकलंय. ओट्यावरचा चहा कपात हिंदकळतोय.

"जेवतेस का?"

"जेवते."

"खोटं. अंगठी बघ केवढी सैल झालीय."

तो माझा डावा हात हातात घेतो. त्याचा हात अजून तापलेलाच आहे. अंगठीवरून बोटापर्यंत तो एक रेघ ओढतो.

"आता फिरली तर कळेल."

"मग येशील आवळायला?"

तो मार्करला टोपण लावतो. मी त्याची बाही घट्ट धरते.

"नको ना जाऊस. मला नाही जमत रे तुझ्याशिवाय."

"खोली टेकतेय, यामे. सांभाळ."

हलकासा धक्का बसतो.

मी गादीवर उठून बसते. उशी भिजलीय. बोटावर पांढरी रेघ आहे, अंगठीवरही आहे. पण दोन्ही जुळत नाहीत, मध्ये गव्हाच्या दाण्याएवढं अंतर पडलंय.

अंगठी फिरवून मी रेघ जुळवते. हात सोडला की ती पुन्हा सरकते.

शेवटी रेघ जुळवून डाव्या हाताची मूठ आवळते आणि झाकलेल्या ताटाशी जाऊन बसते. भात गार झालाय. पहिला घास तोंडात घालते. मूठ न सोडता तो चावत राहते.