कमळचा अंगठा आणि ओट्यावरचं कडधान्य

मासळी बाजारात किस्से खवल्यांसारखे चिकटतात. ओटा धुवा, हातपाय धुवा, साडी बदला, घरी जेवायला बसलात की कोपरावर एक निघतंच. मी काही ते मुद्दाम गोळा करत नाही. पण इतकी वर्षं पनवेलच्या बाजारात बसते आणि तोंड बंद ठेवायची सवय नाही, त्यामुळे जमलेत. आज फक्त कमळच्या अंगठ्याचे सांगते.

आमचा तिघींचा एक ओटा. मधे मी, हिराबाई. उजवीकडे कमळ, माझ्याच वयाची, आवाज माझ्याहून मोठा. डावीकडे नर्मदाआत्या. ती सगळ्या बाजाराची आत्या आहे आणि बाजारात कुणाचंच ऐकत नाही.

कमळची मुलगी वैशाली शिरढोणला दिलेली. दोनदा तिचं मूल पोटातच गेलं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा कमळनं गावदेवीला नवस केला, की नातवंडाचं तोंड बघेपर्यंत मासा, मटण, अंडं बंद. वैशालीची पोर आता रांगते, म्हणून हे सांगायला माझी जीभ धजते.

श्रावणात गिऱ्हाईक शाकाहारी होतं, ते आम्हाला दरवर्षीचं आहे. पण इथं विकणारीच शाकाहारी झाली. मी विचारलं, "मग आता धंदा कसला? मेथी विकनार?"

"कशाला? नवस तोंडाचा हाय, हाताचा नाय."

नर्मदाआत्याला ते पटलं नाही. "आगो, आपली देवी सोता बोंबलाचा नैवेद्य घेते. तिला काय कौतुक तुझ्या भाजीपाल्याचं?"

कमळ म्हणाली, "तेच तर. मी नाय खाल्लं तर तिचा वाटा वाढल."

* * *

मग शिंगाळ्याचा काटा लागला. शिंगाळा मासा मेला तरी त्याचा विषारी काटा मरत नाही, हे आमच्यात लहान पोरीलाही माहीत असतं. कमळ गिऱ्हाइकाशी भांडत होती, तिचं लक्ष त्याच्या तोंडाकडे होतं, आणि उजवा अंगठा नेमका काट्यावर पडला. हात कोपरापर्यंत सुजला. मी तिला नवीन पनवेलच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी जखम साफ केली, इंजेक्शनं दिली, सूज उतरली. जखम मात्र भरेना. मग त्यांनी रक्त तपासलं.

"साखर थोडी वाढलीय, ती गोळीनं येईल खाली. पण प्रोटीन फारच कमी आहे. जखम भरायला तेच लागतं. जेवता काय तुम्ही?"

"भात आन् आमटी."

"आमटीत डाळ किती असते?"

कमळनं विचार केला. "दिसते."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. अंडी खा म्हणाल्या, मासे खा म्हणाल्या. कमळनं नवस सांगितला. मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, शाकाहारी जेवणातूनही मिळतं, पण मग ते खावं लागेल, नुसतं दिसून चालणार नाही. डाळ घट्ट करा, रोज कडधान्य खा, दूध, दही, पनीर, सोयाबीन, शेंगदाणे घ्या. आणि सरळ सांगितलं, की जखम अशीच राहिली तर हाडाला लागेल, मग अंगठ्याचं वरचं पेर काढावं लागेल.

अंगठ्याशिवाय कोयता धरता येत नाही. कोयता नाही तर मासा साफ करून देता येत नाही, आणि अख्खा मासा घरी नेणारी गिऱ्हाइकं आता राहिलीत कुठं? म्हणजे अंगठा गेला की ओटा गेला. हे मॅडमना सांगावं लागलं नाही, कमळच्या तोंडावर दिसत होतं.

तिनं दोन्ही अंगठे शेजारी धरून बघितले. मग म्हणाली, "मॅडम, काढायचंच झालं तर डाव्या हाताचं काढा की."

* * *

माझी शाळा चौथीत संपली. तोवर प्रोटीन आलं नव्हतं. पण काय आणायचं ते कळलं होतं, तेवढं पुरे. नर्मदाआत्या म्हणाली, "सोयाबीन माझ्यावर सोड."

तिनं आयुष्यात सोयाबीनच्या वड्या पाहिल्या नव्हत्या. आम्ही वाल खाणारी माणसं, पावटे खाणारी. पण दुसऱ्या दिवशी ती मोठ्या तोऱ्यात डबा घेऊन आली. लाल रस्सा, वर कोकम, खोबऱ्याचं वाटण. दिसायला तर कोलंबीच. मलाही भूक लागली.

कमळनं डाव्या हातानं घास उचलला आणि तोंडापाशी थांबवला. तिच्या नाकाचं काय सांगू, पाटी उघडण्याआधी बोंबील कालचे की आजचे हे ती सांगते.

"आत्ये," ती म्हणाली, "ह्याच्यात कोण हाय?"

आत्यानं आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग म्हणाली, "त्या वड्यांना काय चवच नवती गो. मूठभर जवळा टाकला. जवळ्याला काय मासा म्हंतात? मीठ म्हंतात."

तो डबा मी खाल्ला. चांगला झाला होता.

* * *

मग मी डेअरीतून पनीर आणलं. स्वच्छ पिशवीत बांधलं, आणि सकाळची घाई, दुसरीकडे जागा नाही, म्हणून बर्फाच्या खोक्यात ठेवलं. शेजारी बांगडे. दुपारी काढून मधल्या फळीवर त्याचे तुकडे केले. कोयता धुतलेला होता, हे शपथेवर सांगते.

तेवढ्यात खारघरचा एक माणूस आला. गळ्यात ऑफिसचा पट्टा, कानात यंत्र. पांढरे तुकडे बघून त्याचे डोळे चमकले.

"मावशी, बासा का?"

"नाय."

"बोनलेस आहे ना? अर्धा किलो द्या."

"हे विकायचं नाय. हे अंगठ्याचं हाय."

तो फळीकडे बघत दोन पावलं मागं गेला. पुढच्या ओट्यावर कोलंबी घेतानाही मान वळवून माझ्याकडे बघत होता.

आणि एवढं करून कमळनं एक तुकडा हुंगला आणि परत ठेवला. "हिरा, पनीर चांगलं हाय. पन बांगड्याशेजारी झोपून आलंय."

त्या दिवसापासून तिचा डबा माझ्या घरून, वेगळ्या पातेल्यातून, वेगळ्या पिशवीतून यायला लागला. आणि तो ठेवायला मी बाजाराबाहेरच्या फुलवालीकडे जागा मागितली. कमळचं वरण झेंडूच्या टोपलीत बसायचं.

* * *

बाजाराच्या तोंडाशी शकीलाआपाचं कोंबडीचं दुकान. अंडीही तिच्याकडेच. आपाला कमळची फार काळजी. एकदा ती उकडलेली अंडी रुमालात बांधून घेऊन आली.

"कमळ, तकलीफ कशाला काढतेस? आजकाल अंडं शाकाहारीतच धरतात. खारघरच्या सोसायटीतल्या बायका नेतात ना माझ्याकडून. चिकनला हात लावत नाहीत आणि ट्रे भरून अंडी नेतात."

नर्मदाआत्यानं लगेच पाठिंबा दिला. "त्यात जीव कुठं असतो आता? ती मशिनची अंडी."

मीही म्हटलं, "देवीला एवढं बारीक कळत नाय कमळ. तू मासा म्हनालीस, मटन म्हनालीस, तेवढंच धरल ती."

कमळ म्हणाली, "मी अंड्याचं नाव येगळं घेतलंय."

"कशाला घ्यायचं?" आपा वैतागली.

"मागाहून तुमच्यासारखी मानसं येतील म्हनून."

* * *

आता लाडवांचं. मी शेंगदाण्याचे लाडू करते, गूळ घालून; कमळच्या साखरेमुळं तो या खेपेला नावापुरता. माझे लाडू मला कुठंही ओळखू येतात, कारण ते गोल नसतात. कमळला डबाभर दिले, रोज खा म्हणून दम दिला. ती खाल्ले म्हणायची.

एका रविवारी वैशाली आईला भेटायला बाजारात आली. पोट चांगलं दिसायला लागलेलं, चालताना हात कमरेवर. तिनं पिशवीतून डबा काढून हळूच माझ्याकडे दिला. "हिरामावशी, मी दिलं तर आई खात नाय, ठेवून देते. तुमी द्या तिला, तुमचं ऐकंल. तिच्या अंगठ्यासाठी हायेत."

मी डबा उघडला. आत माझेच लाडू.

कमळनं ते शिरढोणला पाठवलेले, पोटातल्या बाळासाठी. वैशालीनं ते परत आणलेले, अंगठ्यासाठी. दोघींनी एकमेकींसाठी ठेवून एकही खाल्लेला नव्हता. लाडू मात्र रिक्षात बसून सगळा तालुका हिंडले होते.

मी कमळला आणि वैशालीला शेजारी शेजारी बसवलं. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हटलं थांब. मग दोघींच्या हातात एकेक लाडू दिला आणि समोर उभी राहिले.

"आई, तू आधी," वैशाली म्हणाली.

"नाय, तू. तुला दोन जीवांचं हाय."

मी म्हटलं, "दोघी खा. नायतर मी तुमच्या दोघींच्या घरी राहायला येते."

लगेच खाल्ले. डोळ्यांत पाणी दोघींच्या, पण चावत होत्या. ते थांबलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, एक मला पण." त्याला मी पापलेट दिलं.

* * *

त्या महिन्यांत कमळचे मासे मी कापले. ती बसून भाव करायची, आवाज तर शाबूत होता, आणि मासा माझ्याकडे सरकवायची. तिची गिऱ्हाइकं हळूहळू माझ्यासमोरच येऊन उभी राहायला लागली. खांदा कॉलनीतल्या एक बाई तर म्हणाल्या, "तुम्हीच कापताय ना, मग तुमच्याकडूनच घेते. दोन ठिकाणी कशाला?"

मी म्हटलं, "माझ्याकडनं घ्या. पन मग खवलं काढून देनार नाय. फुकट साफसफाई फक्त कमळच्या माशाला हाय."

बाईंनी कमळकडूनच घेतला. नर्मदाआत्या मला म्हणाली, "हिरा, धंदा असा करतात?"

"मग कसा करतात?"

संध्याकाळी आत्यानं स्वतःची मटकी आणून माझ्या पिशवीत टाकली. मोड चांगले लांब आलेले, आणि जवळा नव्हता, मी हात घालून बघितलं.

* * *

शेवटी तो दिवस आला. मॅडम म्हणाल्या होत्या, या खेपेला बघू आणि काय ते ठरवू. वैशालीचे दिवस भरत आलेले, नवस चालू होता, आणि कमळच्या पोटात गेले काही महिने घट्ट वरण, वाल, मटकी, दूध, दही आणि माझ्या शिव्या यांच्याखेरीज काही गेलेलं नव्हतं.

दवाखाना भरलेला. रविवारी आमच्या ओट्यावर दिसतात ते सगळे तिथं ओळीनं बसलेले. पापलेटवाले काका, खांदा कॉलनीच्या त्याच बाई, एक रिटायर मास्तर, ते फक्त मांदेली घेतात. सगळ्यांनी कमळला विचारलं, कसाय अंगठा. कमळ म्हणाली, आत कळंल.

आतल्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा. मॅडमनी पट्टी सोडवली. शेवटची घडी निघेना, पाणी लावून काढली. अंगठा दिव्याखाली धरला, इकडून दाबला, तिकडून दाबला. कमळ छताकडे बघत होती.

"वाकवा," मॅडम म्हणाल्या.

कमळनं अंगठा वाकवला. मग कुणी न सांगता चारही बोटं त्याच्यावर मिटली, कोयत्याची मूठ धरतात तशी. घट्ट धरली आणि तशीच ठेवली.

"भरली की हो जखम," मॅडम म्हणाल्या. "पूर्ण भरली. आता काही काढायचं नाही."

मी जुनी पट्टी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

मॅडमना इतका आनंद झाला की त्यांचा आवाज चढला. नर्सला बोलावलं, कमळचा हात वर करून दाखवला. "हे बघ, याला म्हणतात पथ्य. मासे नाहीत, अंडी नाहीत, नुसती डाळ आणि कडधान्यं खाऊन प्रोटीन वर आलं. मी सगळ्या पेशंटना हेच सांगते, प्रोटीनसाठी मासेच खायला पाहिजेत असं अजिबात नाही."

कमळनं हात सोडवून घेतला, पडद्याकडे एकदा बघितलं आणि पुढं वाकली.

"मॅडम, हळू बोला. भाहेर माझी गिऱ्हाइकं बसलीत."