आईच्या हातचं औक्षण

सत्काराला आम्ही तिघं होतो. फौजेत सुभेदार झालेला एक, डॉक्टर झालेली एक मुलगी आणि मी. सरपंचांच्या आईनं, म्हणजे साऱ्या गावाच्या काकींनी, सुभेदाराला कुंकू लावलं, ओवाळलं. डॉक्टरीणबाईला लावलं, ओवाळलं. मग माझं नाव पुकारलं आणि काकी थांबल्या. सरपंचांनी माईक घेतला.

"हिचं औक्षण हिच्या आईच्या हातनं करायचं. आईपरीस मोठा मान कुणाचा?"

टाळ्या पडल्या. भरपूर पडल्या.

मी सांगलीत कायदा शिकवते. माझी डॉक्टरेट अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या नागरी हक्कांवरची. वेगळ्या शाळा, वेगळे नळ, बसमधली वेगळी बाकं आणि त्यावरचे कोर्टाचे निकाल. आधी मी आपल्याच नागरी हक्क संरक्षण कायद्यावर लिहिणार होते. माझे मार्गदर्शक गोड हसून म्हणाले होते, "इथलं कशाला उकरता? तिकडचं घ्या, वादच नको." खरंच वाद झाला नाही. सरपंचही थोड्या वेळापूर्वी भाषणात छाती फुगवून सांगत होते, "काळ्या लोकांवर तिकडं लय अन्याय झाला. आपल्या गावच्या पोरीनं त्याला वाचा फोडली." आपल्या गावची म्हणे. आमची वस्ती ओढ्यापलीकडं, पण पोरगी आपल्या गावची.

आई उठली. ती काकींच्याच उसात रोजानं तण भांगलायला जाते. त्या दिवशी लग्नकार्यातली साडी नेसून आली होती. डोळे भरून आलेले. पदर सावरत स्टेजवर चढली. ताट काकींच्या हातात होतं. आईनं हात पुढे केलेच नाहीत. काकींनी ताट रिकाम्या खुर्चीवर ठेवलं, मागं सरकल्या, आणि मग आईनं ते उचललं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. दोघींनाही ते पाठ होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आईचा मान वगैरे काही नव्हतं. काकींचं बोट माझ्या कपाळाला लागू नये, एवढ्यासाठी माझ्या आईला वर बोलावलं होतं. तिचा हात त्यांनी चिमट्यासारखा वापरला. आणि ती बिचारी हरखून गेली होती. मला संताप आला.

मी एरवी कुंकू लावत नाही. कुणी लावावं अशी हौसही नाही. पण त्या दोघांना ज्या हातानं लावलं, त्याच हातानं मला लावायचं. नाहीतर नको.

आईचं बोट कपाळापाशी आलं. मी तिचं मनगट धरलं.

"आई, थांब. काकी, तुम्हीच लावा."



"माझा उपास हाय आज," काकी म्हणाल्या.

"सुभेदारांना लावलं, तेव्हाही होताच की."

सुभेदार स्वतःच्या बुटांकडे बघत बसला. डॉक्टरीणबाईनं मोबाईल काढला. सरपंच हसत पुढे आले.

"ताई, एवढ्या शिकला तुमी. असलं बारीकसारीक धरून बसायचं व्हय?"

मी माईक मागितला. सत्कार घेणार नाही म्हणाले, कारणासकट. आणि आईला घेऊन खाली उतरले.

 घरी आल्यावर आई बोलली.

"तुझं काय, तू जाशील सांगलीला. उद्या मला भांगलायला कोण बोलवंल? लेकीला ओवाळायचा माझा एक दिवस हुता. तू माझाच हात धरलास."

हे लागलं. अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी सरपंचांचा फोन आला. "झालं गेलं सोडा. पुढच्या वर्षी काकी सोता लावतील. फोटो बी काढू." म्हणजे लावता येत होतं. कॉलेजात प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तुमचा विषय अमेरिका ना?"

"होता, सर."

आपला नागरी हक्क संरक्षण कायदा साक्षीदाराअभावी मरतो, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. म्हणून आईला विचारलं, ताट खुर्चीवर ठेवलेलं पोलिसांना सांगशील का? ती चुलीपुढनं हलली नाही.

"न्हाई. मला हितंच ऱ्हायचं हाय."

तिला भित्री म्हणायची कुणाची टाप नाही, माझीसुद्धा. तिचं पोट त्या रानावर आहे, माझं नाही.

तक्रार मी दिली. ठाण्यातला हवालदार म्हणाला, "कुंकवावरनं केस करताय, मॅडम?"

"अस्पृश्यतेवरनं. लिहून घ्या."

मंडपात सारा गाव होता, पण साक्षीदार म्हणून एकही नाव मिळालं नाही. केस टिकणं अवघड आहे, हे मला कुणी समजावून सांगायला नको. खाली हरले तर वर जाईन. वरही हरले, तर तो निकाल वर्गात शिकवीन. काकींचा नातू यंदा आमच्याच कॉलेजात कायद्याला आलाय. त्याच्यासमोर शिकवीन.