भट्टीचं तिसरं कडवं

संदीपच्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी गिटारला नवी तार चढवत होते. "ताई, दादा गेला," ती म्हणाली. मी म्हटलं, "कुठे, सिन्नरला? अगं, आज रेकॉर्डिंग आहे आमचं. येईल ना वेळेवर?" तेवढ्यात त्याच्या मामांनी फोन घेतला आणि नीट सांगितलं. अंबडच्या कारखान्यात चहा पिऊन उठला आणि कोसळला. तिशीतला धडधाकट माणूस. याला काही अर्थ आहे? दीड महिना होऊन गेला, मला अजून ते खरं वाटत नाही.

संदीप तिथे भट्टीवर कामाला होता आणि रॅप करतानाही 'भट्टी' हेच नाव लावायचा. आमचा रॉक बँड. एका गॅदरिंगला आयोजकांच्या घोळामुळे आम्हाला आणि त्याला एकच वेळ मिळाली, तिथे ओळख झाली. आम्ही त्याला नाकं मुरडली, त्याने आम्हाला 'केसवाले' म्हणून घेतलं. तरी पुढच्या रविवारी हा माझ्या घरी हजर. मी जुन्या बाजारातून जॅझची एक तबकडी आणली होती, वरचं नावसुद्धा पुसलं गेलेलं. ट्रम्पेट छान रंगात यायचं आणि नेमकी पिन अडकायची. तोच तुकडा पुन्हा पुन्हा. मी फडकं घेऊन तबकडी पुसायला लागले, तर हा टेबलावर ठेका धरून बसलेला.

"ताई, पुसू नका. आडकतीय तेच गाणं हाय."

"अरे, बिघडलीय ती."

"मग काय झालं? आमच्या आईची पिन माझ्या लग्नावर आडकलीय. तिला कुठं पुसता येतं?"

त्या अडकलेल्या तुकड्यावर मग ड्रम्स चढले, माझी गिटार चढली आणि वर भट्टीचे शब्द. खरखर त्याने काढू दिली नाही ती नाहीच. पहिल्या कडव्यात सिन्नरहून येणारी गच्च भरलेली जीप, दुसऱ्यात आईने शोधलेल्या मुली. तिसरं मात्र कुणाला दाखवायचा नाही. "माइकवरच ऐका," म्हणायचा.

तेराव्यानंतर आमचा ड्रमर मकरंद म्हणाला, "हल्ली कॉम्प्युटरवर त्याचाच आवाज बनवता येतो. शब्द आपण लिहू. कुणाला कळणारही नाही." मी त्याच्यावर उखडले. पण घरी आल्यावर मलाही मोह झालाच, खोटं कशाला बोलू... त्याचा आवाज पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून मी काहीही कबूल केलं असतं. शेवटी ठरलं, त्याच्या आईला विचारायचं.

आई आल्या, हेडफोन लावून माझ्या खोलीत बसल्या. जाण्याच्या आदल्या रविवारी त्याने तिसरं कडवं घ्यायला सुरुवात केली होती आणि पुढच्या वेळेवर ढकललं होतं. मी ती फाइल लावली. तिच्यात कडवं नाहीच. छाती भरून घेतलेला श्वास, आणि मग, "थांबा ताई, परत घेतो." बस्स. आईंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

मी कॉम्प्युटरचं सगळं समजावून सांगितलं. "आवाज त्याचाच येईल आई. शब्द तेवढे आमचे असतील."

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "आन् श्वास कुनाचा आसंल?"

गाण्यात आता त्या जागी त्याचा तो श्वास आहे, ते एक वाक्य आहे आणि पुढे आम्ही नुसतेच वाजवतोय. थांबलेय रे मी, संदीप...