झेब्रानोचा वास

आमचे काका वीनियर बसवायचे. म्हणजे महागड्या लाकडाचा कागदासारखा पापुद्रा साध्या प्लायवर असा चिकटवायचा, की कपाट अख्खं त्याच लाकडाचं वाटावं. त्यांचं लाडकं लाकूड आफ्रिकेतलं झेब्रानो. फिक्या अंगावर गडद तपकिरी पट्टे. साहेबांची टेबलं, वकिलांच्या केबिनची दारं, भारी गाड्यांचे डॅशबोर्ड, सगळीकडे त्याचा रुबाब. पण नखरेही तेवढेच. जरा घाई केली की चिरतं, आणि कापताना-घासताना असा वास सोडतं की जीव नकोसा होतो. पॉलिश चढलं की तो वास जातो. काकांना मात्र पॉलिश कोण करणार?

मी शिकायला त्यांच्याकडेच राहायचे. रोज संध्याकाळी काकू त्यांना दारातच अडवायची. "शी! आधी आंघोळ, मग घर तुमचंच आहे." लग्नापासून हाच स्वागतसमारंभ.

मग कारखान्यात तसेच पट्टे छापलेलं लॅमिनेट आलं. ना वास, ना चिरायची भीती, ना काकांची गरज. पण बायकोपुढे "मला काढलं" म्हणायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं. डबा घेऊन ते रोज निघतच राहिले.

एकदा मी त्यांना बागेतल्या बाकावर पकडलं. झेब्रानोचा एक तुकडा सँडपेपरने घासून ते भुसा शर्टाला चोळत होते.

"काका, हे काय चाललंय?"

"घरी जायची तयारी. काकूजवळ बोललीस तर याद राख."

मला हसू आलं आणि रागही आला. संसार केलेल्या बायकोला माणसाने एवढं घाबरावं?

तुकडा झिजत झिजत संपला. त्या संध्याकाळी काका चोरासारखे दाराशी आले. आता बिंग फुटणार म्हणून मीही दाराशी येऊन उभी राहिले. शर्टाला नुसता साबणाचा वास होता. काकू जवळ आली आणि तिने नाक धरलं.

"शी! आज तर कहर आहे. आधी आंघोळ."

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग आत गेले. नळ बराच वेळ चालू होता.

"नखांत गोंद दिसेना, तेव्हाच कळलं मला," काकू मला हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

काका केस पुसत बाहेर आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "अगं, मला कामावरून काढलंय."

"बरं," काकू म्हणाली. "मग उद्यापासून आंघोळ सकाळीच उरकत जा."