रीताबाईंची पट्टी

मनसाराम मास्तरांनी वयाच्या चोविसाव्या वर्षी ठरवलं, की आपण साठीपर्यंत ऑर्गन वाजवायचा. झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम दिवाळी ते होळी. पुढच्या वर्षी कंपनी असेल की नाही हे मालकालाही ठाऊक नसतं. मास्तरांनी मात्र सरकार आपल्या नोकराला देतं त्याहून दोन वर्षं जास्तच स्वतःला मंजूर केली. त्यासाठी तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला, दारूला शिवले नाहीत, आणि तळ्यात मासे धरताना बोटाला काटा लागू नये म्हणून जाळं बायकोच्या, गोकुळाबाईंच्या हाती दिलं.

खरी तजवीज वेगळीच होती. गाणाऱ्याचा आवाज ज्या सुरावरून खुलतो ती त्याची पट्टी: काळी तीन, पांढरी पाच, जशी ज्याची असेल तशी. इकडचे नट एका हंगामात तीन कंपन्या फिरतात आणि तालीम गाडीतून उतरता उतरता होते. मास्तरांनी वडसा भागातल्या सगळ्या गाणाऱ्यांच्या पट्ट्या डोक्यात ठेवल्या. कागदावर एकही उतरवली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "तू गा, मी पाह्यतो." हळूहळू गाणाऱ्यांनाच आपली पट्टी ठाऊक असेनाशी झाली. मास्तरांशिवाय पडदा उघडेना.

एकतीस वर्षं हे सुरळीत चाललं. मग त्यांचाच शिष्य प्रफुल की-बोर्ड घेऊन आला. मास्तरांची काळी पाचमध्ये बोटं बसायला सहा वर्षं गेली होती. प्रफुल एका हातात खर्ऱ्याची पन्नी धरून दुसऱ्या हाताने बटण दाबी, की पट्टी बदलली. पोरी त्याच्यासोबत फोटो काढत. प्रफुलला खोकला आला की मास्तरांचा दिवस बरा जाई.

गेल्या डिसेंबरात मास्तरांना मलेरिया झाला. चिमूरकडच्या एका मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, नाटक लागलेलं. मालकाने प्रफुलला बसवलं आणि सांगितलं, जमलं तर होळीपर्यंत तूच. ही बातमी प्रफुलनेच दुपारी फोनवर दिली, वर विचारलं, "मास्तर, रीताबाई थेट प्रयोगालेच येऊन राह्यल्या. त्यायची पट्टी कोनती जी?"

रीताबाई कंपनीच्या नायिका. अकरा वर्षं त्या काळी तीनमध्ये गात होत्या. तीच त्यांच्या गळ्याला मानवते, असा सगळ्यांचा समज होता. वस्तुस्थिती अशी, की मास्तरांची बोटं तिथे सगळ्यात मोकळी फिरत.

"काळी पाच," मास्तर म्हणाले.

"एवढी वर?"

"मले शिकवतं का बे?"

फोन ठेवून मास्तर चार दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवले. अंतऱ्याला बाईंचा आवाज फाटणार, लोक खुर्च्या आपटणार, सकाळी मालक गाडी पाठवणार.

सकाळी गाडी आली नाही. शेजारची आचल मोबाइलवर रात्रीच्या प्रयोगाचा व्हिडिओ घेऊन आली. मास्तरांनी खाटेवर पडूनच ऐकलं. अंतऱ्याला जो सूर रीताबाई अकरा वर्षं गिळत आल्या होत्या, तो त्या दिमाखात वर उभा करून आल्या होत्या. आवाज फाटला नव्हता, फुलला होता. खुर्च्या कुणी आपटल्या नाहीत, कारण सगळे त्यांवर उभे होते. शेवटी बाई माइकवर म्हणाल्या, "प्रफुलभाऊनं माही पट्टी शोधून देली!" प्रफुल गोड हसला.

"पट्टी तं तुमीच सांगतली होती ना?" गोकुळाबाई म्हणाल्या. "सांगा ना मालकाले."

मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं. सांगायचं तर अकरा वर्षं चुकलो असं तरी म्हणायला हवं, नाहीतर काल मुद्दाम चुकीचं सांगितलं असं तरी. ताप उतरेपर्यंत त्यांनी दोन्हींचा विचार केला.

आठव्या दिवशी रीताबाई पपई घेऊन भेटायला आल्या. तब्येत विचारली. मालकाचा निरोप दिला: होळीपर्यंत आराम करा. मग म्हणाल्या, "मास्तर, एक विचारू का? अकरा वर्षं मले खाली काऊन ठेवलं?"

मास्तरांनी पपईकडे पाहिलं.

"आवाज लय वर्षं टिकला पायजे ना बाई. लांबचं पाह्यलं होतं."

"टिकला जी," रीताबाई उठत म्हणाल्या. "आता वापरू द्या."